सीताबर्डीचें उंच स्थानक

आमच्या गोंडपिपरीस आगगाडी येत नाहीं. तिचें दर्शन घ्यावयाचें तर चंद्रपूर किंवा बल्लारपूर गाठावें लागतें. त्यामुळें स्थानक म्हणजे जमिनीलगत पसरलेला फलाट, त्यावर पाण्याचा नळ आणि आपापल्या सामानावर बसून राहिलेलीं माणसें, अशीच कल्पना माझ्या मनांत लहानपणापासून घर करून होती. गेल्या पौषांत माझी वडील बहीण आक्का हिच्या एका डोळ्यांतील मोतीबिंदु काढविण्यासाठीं नागपुरास जाणें झालें, आणि सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकानें ती कल्पना पार बदलून टाकली. त्या स्थानकाची हकीकत वाचकांस सांगावी, आणि त्या निमित्तानें आमच्याच हातून घडलेली एक चूक कबूल करावी, असा आजचा बेत आहे.

प्रथम स्थलाविषयीं. शीतलाप्रसाद व बद्रीप्रसाद या दोन बंधूंच्या नांवांवरून ‘शीतलाबद्री’ आणि त्याचा अपभ्रंश होऊन ‘सीताबर्डी’ झालें, अशी आख्यायिका आहे. तिचें प्रामाण्य किती हा प्रश्न निराळा. तेथील दोन टेकड्या मात्र खऱ्या. एक मोठी, एक धाकटी. सन १८१७ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २६ व २७ तारखांस याच टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांचें सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं भोसल्यांच्या पदरच्या अरबांनीं धाकटी टेकडी काबीज करून मोठीवर मारा चालविला. परंतु पुढें डाव उलटला, इंग्रजांचा जय झाला आणि मोठ्या टेकडीवर त्यांनीं किल्ला उभारला. १८५४ मध्यें तर भोसल्यांचें राज्यच खालसा झालें. त्या काळीं उंची ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं नगर, असा हिशेब होता.

१८६७ मध्यें मुंबईकडून आगगाडी नागपुरास आली, तेव्हां मोकळ्या जमिनीस तोटा नव्हता. रूळ खुशाल भूमीवरूनच आले. दीडशें वर्षांनीं मेट्रोची वेळ आली, तोंपर्यंत दुकानें, घरें, रस्ते आणि ते जुने रूळ यांनीं सगळी जागा व्यापून टाकली होती. भुयार खणावें तर खर्च फार. तेव्हां खापरीकडील कांहीं भाग जमिनीलगत ठेवून बाकीचा मार्ग खांबांवरून न्यावा लागला. ही युक्ति नवी नव्हे. लंडन ते ग्रीनिच हा १८३६ मध्यें सुरू झालेला लोहमार्ग विटांच्या ८७८ कमानींवरून नेलेला आहे. आपल्या मुंबईस सँडहर्स्ट रोड स्थानकांत मुख्य मार्गाच्या गाड्या खालून आणि हार्बर मार्गाच्या वरून जातात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी याच वरच्या मार्गानें बोरीबंदराहून कुर्ल्यास गेली.

नागपूरच्या मेट्रोची कोनशिला २०१४ मध्यें बसली. ७ मार्च २०१९ रोजीं खापरी ते सीताबर्डी हा पहिला भाग खुला झाला. २८ जानेवारी २०२० रोजीं पश्चिमेकडील लोकमान्य नगरापासूनचा मार्ग येऊन मिळाला. तेव्हां सीताबर्डी हें दोन्ही मार्गांचें टोंक होतें. ११ डिसेंबर २०२२ रोजीं उत्तरेस ऑटोमोटिव्ह चौक व पूर्वेस प्रजापती नगर येथपर्यंत गाड्या जाऊं लागल्या आणि सीताबर्डी चारही दिशांचा मध्य झाली. वर्धा रस्त्यावर तर ३.१४ किलोमीटरपर्यंत खालीं रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच खांबांवर सर्वांत वर मेट्रो, असा तिहेरी थाट आहे.

आतां स्थानकाची रचना. विवाहांत वधूस अरुंधती दाखवितांना आधीं जवळचा ठळक तारा दाखवितात; त्याच न्यायानें येथेंही स्थूलाकडून सूक्ष्माकडे जावें. तळाशीं रस्ता व प्रवेशद्वार. त्यावर तिकिटें घेण्याचा व तपासणीचा मजला. त्याहून वर फलाट. दक्षिणोत्तर मार्गास ‘ऑरेंज’ म्हणतात, आणि संत्र्यांच्या शहरास तें नांव शोभतेंही. पूर्वपश्चिम मार्गास ‘ॲक्वा’ म्हणतात. हे दोन मार्ग एकाच पातळीवर छेदत नाहींत, एक दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो. म्हणून एका मार्गाच्या गाडीस दुसऱ्या मार्गाच्या गाडीसाठीं थांबावें लागत नाहीं. मार्ग बदलावयाचा तर स्थानकाबाहेर न पडतां आंतल्या आंत वरखालीं करावयाचें. नवख्यानें आधीं मार्गाचा रंग विचारावा, मग शेवटच्या स्थानकाचें नांव, आणि नंतरच फलाटाकडे वळावें.

आक्कानें एक मार्मिक प्रश्न विचारला: “अरे, मग हीच गाडी पुढें चंद्रपुरास कां नाहीं नेत?” उत्तर असें कीं, मेट्रोच्या दोन रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर, तर आपल्या मोठ्या आगगाडीचें १६७६. एकीचीं चाकें दुसरीच्या रुळांवर बसावयाचीं नाहींत.

आतां चुकीची गोष्ट. वर्धा रस्त्यावरील पुतण्याच्या बिऱ्हाडीं जाण्यासाठीं आम्ही सीताबर्डीस आलों. नातू जिन्यानें धांवत वर गेला, त्याच्यामागें मी. निम्म्या जिन्यावर मागें वळून पाहतों तों आक्का कठडा धरून पायरीवर बसलेली. धाप लागली होती, एका डोळ्यावर पट्टी. म्हणाली, “माझ्या गुडघ्यांचं तिकीट वेगळं काढलंस कां रे?” इतक्यांत तेथें झाडीत असलेली एक बाई म्हणाली, “माय, तिकडं लिफ्ट हाये न!” लिफ्ट आमच्या पाठीमागें पंचवीस पावलांवर होती. स्थानक बांधणारांनीं म्हातारपणाचा विचार केला होता. तो घरच्या माणसांनीं केला नव्हता.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दोन वर्षांपूर्वीं नातवाच्या अभ्यासासाठीं खालची खोली रिकामी करून आम्हीं आक्काचा पलंग माडीवर नेला होता. तेव्हांपासून ती दुपारीं ओसरीवर येईनाशी झाली, तुळशीपाशीं सांजवात लावण्याचेंही तिनें सुनेकडे सोंपविलें. वयपरत्वें एकांताची आवड वाढली असेल, असें आम्हीं सोयीस्करपणें मानलें. सकाळीं मीं तिला स्पष्टच विचारलें. ती म्हणाली, “वर राहायचं मला दुःख नव्हतं रे. कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.”

एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ, आणि म्हणूनच प्रत्येकास वाटतें कीं दुसऱ्या कोणीं तरी विचारलें असेल. उंच इमारत असो कीं घरची माडी, तिची परीक्षा धांवत चढणाऱ्यावरून करूं नये. ज्यास चढवत नाहीं, तो वर कसा पोंचतो आणि खालीं कसा येतो, यावरून करावी.

गांवीं परतल्यावर पलंग खालीं आला. नातू माडीवर अभ्यास करतो आणि तेथें गलका कमी म्हणून उलट खूष आहे. सांजवात पुन्हा आक्का लावते. तिच्या दुसऱ्या डोळ्यासाठीं लौकरच परत नागपुरास जावयाचें आहे; या खेपेस सीताबर्डीस पोंचतांच आधीं लिफ्ट शोधावयाची, हें नातवानें आपण होऊन सांगितलें आहे. असो.