कान देऊन ऐकू या
सदर : पाटी-दप्तर



गेल्या दिवाळीत या सदरात आपण घरातल्या वाचनाबद्दल बोललो. यंदा डोळ्यांना थोडी सुट्टी देऊन कानांकडे वळू या. प्राथमिक शाळेच्या वर्गात आजूबाजूचे आवाज शिकवण्याचं साधन म्हणून कसे वापरतात आणि आपल्या रविवारच्या मराठी शाळेला त्याचा काय उपयोग, हा आजचा विषय. शेवटी भारतातल्या आजी-आजोबांकडे एक मागणं आहे, तेव्हा अंक त्यांच्याकडे पोचवायला विसरू नका.

या विषयाची गंगोत्री आपल्या घरापासून फार लांब नाही. बर्नबीच्या डोंगरावरच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात १९६५ ते १९७५ या काळात आर. मरी शेफर नावाचे संगीतकार शिकवत होते. 'साउंडस्केप' हा शब्द जगभर रुळला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. लँडस्केप म्हणजे डोळ्यांपुढे पसरलेला प्रदेश, तसा कानांपुढे पसरलेला तो साउंडस्केप. मराठीत आपण ध्वनिपरिसर म्हणू. शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये व्हँकुव्हरचे आवाज ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केले. बंदरातले भोंगे, लाटा, रस्ते, माणसं, सगळं त्यात आहे.

शेफर मुलांच्या वर्गातही रमत. त्यांचे खेळ अगदी साधे. एक कोरा कागद वर्गभर हातोहात फिरवायचा, पण जराही आवाज होऊ द्यायचा नाही. किंवा गृहपाठ म्हणून घरून 'एक मजेदार आवाज' घेऊन यायचा. कागदाचा खेळ मी आठवड्याच्या शाळेत दुसरीच्या मुलांबरोबर बरेचदा खेळते. 'शांत बसा' असं दहादा सांगून जे होत नाही, ते त्या एका कागदाने होतं. बावीस मुलं श्वास रोखून बसतात आणि मग त्यांना हीटरची घरघर पहिल्यांदाच ऐकू येते.

शेफरने आवाजांचे तीन प्रकार सांगितले. ते मुलांना पटकन समजतात. पहिला आधाराचा आवाज. तानपुऱ्यासारखा तो सतत चालू असतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. हिवाळ्यात आपल्याकडे पाऊस हा तसा आवाज. दुसरा इशाऱ्याचा आवाज. शाळेची घंटा, रुग्णवाहिका, स्कायट्रेनची दारं लागताना वाजणारे तीन सूर. तिसरी ध्वनिखूण, म्हणजे जिच्यावरून गाव ओळखावं असा आवाज. स्टॅनली पार्कमध्ये रोज रात्री नऊ वाजता उडणारी तोफ, जी १८१६ मध्ये इंग्लंडात ओतलेली आहे. किंवा कॅनडा प्लेसवर दुपारी बारा वाजता राष्ट्रगीताचे पहिले चार सूर वाजवणारे भोंगे.

ध्वनिखुणा कायमच्या नसतात. मुंबईच्या गिरणगावात घड्याळाची गरज नव्हती, गिरणीचा भोंगा झाला की घर उठायचं. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली आणि भोंगेही गेले. मुलांना इतिहास शिकवताना 'तेव्हा काय ऐकू यायचं?' हा प्रश्न विचारून बघा. सनावळ्यांपेक्षा उत्तर लवकर सापडतं आणि घरातल्या मोठ्यांना बोलतं करतं.

आता मराठीकडे. ध्वनिदर्शक शब्द हे आपल्या भाषेचं मोठं वैभव. पानांची सळसळ, नाण्यांचा छनछनाट, विजेचा कडकडाट, घोड्याचं खिंकाळणं, मोराचा केकारव. आपण हे शब्द तक्ता पाठ करून शिकलो, पण निम्मे आवाज आपल्या अंगणात रोज होते. इथल्या मुलाने गाईचं हंबरणं ऐकलेलंच नसेल तर तो शब्द नुसता परीक्षेपुरता राहतो. म्हणून आमच्या मराठी शाळेत आम्ही क्रम उलटा केला. आधी आवाज, मग मुलांनी त्याचं स्वतः केलेलं वर्णन, आणि सगळ्यांत शेवटी शब्द. फोडणीचा आवाज ऐकवला तेव्हा एकाने 'तेल रागावलंय' असं सांगितलं. त्यानंतर फळ्यावर लिहिलेलं 'चर्र' कुणी विसरत नाही.

पावसाचा धडा तर इथे फारच रंगतो. इंग्रजीत मुलं एका 'रेन'वर काम भागवतात. मराठीत भुरभुर, रिमझिम, रिपरिप, धो धो असे वेगवेगळे पाऊस आहेत. वर्गात गोल उभं राहून तळहात घासले की भुरभुर, चुटक्या वाजवल्या की रिमझिम, मांड्यांवर थापा मारल्या की धो धो, आणि पाय आपटले की गडगडाट. उलट क्रमाने आलं की पाऊस ओसरतो. नंतर खिडकी उघडून विचारायचं, आज बाहेर कोणता? नोव्हेंबरात उत्तर बहुतेक वेळा 'रिपरिप' असतं, आणि तो कंटाळा त्या शब्दात कसा अचूक बसलाय हे मुलांना न सांगता समजतं.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. आवाज ऐकवायचा तो ऐकण्यासाठी. गणित सोडवताना मागे समुद्राच्या लाटा लावून ठेवल्या तर त्याचा गोंगाटच होतो. रिकाम्या वर्गातला आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा असं अमेरिकेतलं मानक सांगतं. गोंगाटातून शब्द वेगळे काढणं मोठ्यांपेक्षा लहानांना जड जातं, आणि शिकवण्याची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असेल तर आणखी जड. दुसरं पथ्य असं, की काय वाजणार आहे ते आधी सांगावं. आपल्या कानांना फटाके म्हणजे दिवाळी, पण शेजारच्या बाकावरचं मूल युद्धातून आलेलं असू शकतं.

गेल्या वर्षी मराठी शाळेत 'आजीच्या घरची सकाळ' असा उपक्रम केला. प्रत्येक घरी भारतातून एक मिनिटाचा आवाज मागवायचा आणि मुलांनी त्यातले आवाज ओळखून कागदावर नकाशा काढायचा. मिरजेहून आलेल्या आवाजात नळाचं पाणी, कावळे, कुकरची शिट्टी आणि मागे आकाशवाणीवरच्या बातम्या होत्या. आठ वर्षांच्या नातीने नकाशात रेडिओ सगळ्यांत मोठा काढला. यंदा शाळा सुरू झाल्यावर तिच्या आजीने पुन्हा आवाज पाठवला. मुलीने दोनदा ऐकला आणि विचारलं, 'रेडिओ कुठे गेला?'

रेडिओ आजोबा लावत असत. ते मे महिन्यात गेले. तिकिटं आणि शाळेची परीक्षा यांच्या घोळात आई एकटीच जाऊन आली होती, आणि घरात त्यावर फारसं बोलणं झालं नव्हतं. त्या रविवारी मुलीने जुना आवाज वर्गाला ऐकवला आणि आजोबा कसे खुर्ची ओढून बसायचे, बातम्या चालू असताना कुणी बोललं तर कसा हात वर करायचे, हे मराठीत सांगितलं. अडली तिथे आईने शब्द दिले. एरवी ती दोन वाक्यांच्या पुढे मराठी बोलत नाही. फोटो त्यांच्या घरात पुष्कळ आहेत, पण आजोबांची सकाळ साठवलेली होती ती त्या एका मिनिटात.

म्हणून आजी-आजोबा, काका-मावश्या, हे मागणं तुमच्याकडे. आम्हाला तुमच्या घरातलं एक मिनिट पाठवा. पंखा बंद करा, फोन ओट्यावर किंवा ओसरीवर ठेवा आणि एक मिनिट नेहमीची कामं चालू द्या. मुद्दाम काही करू नका. वाटल्यास शेवटी गावाचं नाव, तारीख आणि वेळ सांगा. खलबत्ता, देवघरातली घंटा, एसटीच्या कंडक्टरची डबल बेल, दारावर आलेला भाजीवाला, काहीही चालेल. इकडच्या आईबाबांनी ते फोनमध्ये पुरून न ठेवता तारीख घालून वेगळं साठवावं.

आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी इथल्या घरातलंही एक मिनिट तिकडे जाऊ द्या. चकलीचा सोऱ्या, मुलांची दोन भाषांतली भांडणं, बाहेरची रिपरिप. आजीला तेही ऐकायचं असतं.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!