मारुती म्हंजे मारुती, पण पट्टा म्हंजे पट्टा

पाडव्याला गाडी घ्यायची म्हणून आमच्या घरात गेला महिनाभर दोन पार्ट्या पडल्यात. एका बाजूला आमचे अण्णा, वय शहात्तर. दुसऱ्या बाजूला माझा थोरला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मधे मी, म्हणजे हप्ता भरणारा.

अण्णांचं म्हणणं एका वाक्यात संपतं. "मारुती म्हंजे मारुती. दुसरं काय बघायचंच न्हाय." पोरगं मोबाईल पुढं करतं. कुठल्या गाडीला किती स्टार, किती एअरबॅग, सगळं त्यात. अण्णा मोबाईलकडं बघतसुद्धा नाहीत. "स्टार आकाशात असत्यात," म्हणतात.

सातारा-सांगली पट्ट्यात हे भांडण घरटी आहे, म्हणून लिहितोय.

आधी अण्णांची बाजू सांगतो, कारण ती येडेपणाची नाही. समर्थांचे अकरा मारुती आपल्याच मुलखात आहेत. चाफळ, माजगाव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, शहापूर ही सातारा जिल्ह्यात, बहे आणि शिराळा सांगलीत, मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात. १९९६ साली अण्णांनी सेकंडहँड मारुती ८०० आणली, तेव्हा पेढे वाटताना सगळ्यांना सांगत होते, "बारावा आपल्या दारात आला."

त्याआधी चुलत्यांकडं जी गाडी होती तिला थंडीत सकाळी ढकलायला घरातली चार माणसं लागायची. ही आली आणि चावी मारली की चालू! १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी देशात आली. इंजिन इनमिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. तीस वर्षं! तेवढ्यात आपल्याकडच्या दोन पिढ्या तिच्यावर गाडी शिकल्या. आमच्या घरातली दोन लग्नं, एक बाळंतपण आणि आजीचं शेवटचं दवाखान्याचं जाणं त्याच गाडीतनं झालं. अशा गाडीवर माणसाचा जीव बसणारच.

आटपाडी, जतकडच्या पाहुण्यांना विचारा, ते मारुतीचं नाव काढणार नाहीत. तिकडं बोलेरो. २००० साली आलेली, तेव्हापासून चेहरामोहरा थोडाफार बदलला, पण पिंड तोच. खाली ट्रकसारखी चासी, मागं पाटे, ताकद मागच्या चाकाला. माळावरनं, ओढ्यातनं, मुरमाच्या चढावरनं जाणारी. पाटणच्या डोंगरातला माणूस पण हेच सांगेल. विटा-खानापूरचे गलाईवाले धंद्यासाठी देशभर पसरलेत, यात्रेला गाडी घेऊन गावाकडं येतात. वाटेत चार राज्यं लागतात. ते गाडी घेताना पहिला प्रश्न कुठला विचारतात? "वाटंत कुठं बी बंद पडली तर मिस्त्री मिळंल का?"

माझं पहिलं म्हणणं हेच. आपल्याला वाटतं आपली निष्ठा कंपनीवर आहे. खरं म्हणजे ती मिस्त्रीवर असते. स्टँडमागच्या गॅरेजात ज्या गाडीचा पार्ट त्याच दिवशी मिळतो, ज्याची किंमत शंभरात असते हजारात नाही, आणि पाच वर्षांनी विकायला काढली तर चहा संपायच्या आत गिऱ्हाईक येतं, ती आपली गाडी. हा हिशोब शहाणपणाचा आहे. जनरल मोटर्सनं २०१७ साली भारतात गाड्या विकणं बंद केलं. फोर्डनं २०२१ साली इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी हौसेनं त्या गाड्या घेतल्या, त्यांना पार्ट आणि रिसेलची चिंता एका दिवसात लागली. पुण्या-मुंबईत माणूस दुसरी गाडी घेऊन मोकळा होतो. गावातला माणूस दहा वर्षांसाठी गाडी घेतो. त्यानं जपूनच पाऊल टाकलं पाहिजे.

पण ही निष्ठा जन्मजन्मांतरीची असते, हे मात्र मला मान्य नाही. पुरावा सातारचाच देतो. प्रिया स्कूटर आठवते का? महाराष्ट्र स्कूटर्सची, आपल्या साताऱ्यातल्या कारखान्यात तयार झालेली. १९७५ साली राज्याचं विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून ती कंपनी काढली. आपल्या गावची गाडी, आपल्या गावची माणसं कामाला. अण्णांकडं पण होती. पुढं जास्त अ‍ॅव्हरेज देणाऱ्या मोटरसायकली आल्या आणि सगळ्या जिल्ह्यानं प्रिया सोडली. परवा मी अण्णांना विचारलं, "मग तुम्ही प्रिया का विकली? ती तर आपल्या गावातलीच होती."

अण्णा जरा थांबले. म्हणाले, "अरं, ती तिथंच थांबली. आपण कशाला थांबायचं?"

मी म्हटलं, अण्णा, हेच तर पोरगं म्हणतंय.

आता पोराची बाजू.

देवराष्ट्र्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. कडेगाव तालुक्यातलं, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी पोराचा हट्ट पुरवायला भंगारातनं चारचाकी बनवली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ टाकला. त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या. एक, या माणसाच्या कल्पकतेला सलाम. दोन, ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही. आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारीत ती मिळाली पण. आपण सगळ्यांनी अभिमानानं शेअर केलं. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. बापानं पोरासाठी गाडी केली यात प्रेम शंभर टक्के आहे. पण प्रेमानं गाडी रस्त्यावर सुरक्षित होत नाही. त्याला नियम लागतात, चाचणी लागते.

ती चाचणी काय सांगते? ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०२३ साली वॅगन आरला एक स्टार मिळाला, अल्टो के टेनला दोन. २०२४ ला बोलेरो निओला एक. म्हणजे अण्णांचा पक्ष आणि आटपाडीचा पक्ष, दोघांच्या लाडक्या कंपन्या यात आल्या. "लोखंड जाड हाय, दार ढप्पकन लागतंय, म्हंजे गाडी मजबूत" हा आपला जुना समज. धडक बसल्यावर पुढचा भाग चुरगाळून मार खातो आणि माणसं बसलेली जागा शाबूत राहते, ती गाडी चांगली. सगळीच गाडी कडक असली तर मार आतल्या माणसाला बसतो. पुढं लोखंडी बंपर गार्ड ठोकून तर आपण एअरबॅगच्या कामात पण अडथळा आणतो. २०१७ सालीच केंद्रानं राज्यांना असल्या गार्डवर कारवाई करायला सांगितलंय. आपल्या गावात मात्र गाडी शोरूममधनं निघते ती थेट गार्ड बसवायला जाते.

पण याच चाचणीतला पुढचा भाग अण्णांच्या बाजूनं जातो. त्याच मारुतीच्या नवीन डिझायरला २०२४ च्या नोव्हेंबरात पाच स्टार मिळाले. टाटाच्या नेक्सॉननं २०१८ ला पाच मिळवून वाट दाखवली होती. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप चाचणी पण चालू झाली. म्हणजे कंपनीला जमत नाही असं काही नाही. गिऱ्हाईकानं विचारलं की जमतं. आपण तीस वर्षं शोरूममध्ये जाऊन एकच प्रश्न विचारला, "अ‍ॅव्हरेज किती?" त्यांनी अ‍ॅव्हरेज दिलं. निष्ठावान गिऱ्हाईक गप्प बसलं की कंपनीला वाटतं, याचं भागतंय.

इथपर्यंत मी पोराच्या बाजूनं. पण आता जे सांगणार आहे त्यात दोन्ही पार्ट्या हरतात, आणि सगळ्यात जास्त मी.

दोन वर्षांपूर्वी, जानेवारी महिना, ऐन गळीत हंगाम. सांगलीतनं लग्न उरकून साताऱ्याला निघालो होतो. रात्रीचे साडेदहा. आष्टा मागं पडलं होतं. गाडी मी चालवत होतो, साठचा वेग. मागं अण्णा, त्यांच्या मांडीवर माझी चार वर्षांची पुतणी झोपलेली. पट्टा मागं कुणालाच नाही. "मागं कशाला पट्टा?" हे वाक्य आमच्या घरात मीच सगळ्यात जास्त वेळा म्हटलंय.

समोरनं एक गाडी अप्पर मारत आली. ती गेली आणि अंधारात एकदम उसाची डबल ट्रॉली दिसली. पंक्चर होऊन उभी. ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मागं रस्त्यावर दोन दगड आणि एक डहाळी ठेवलेली. साठचा वेग म्हणजे सेकंदाला जवळपास सतरा मीटर. ब्रेकवर उभा राहिलो. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली.

धडक झालीच नाही. तरी अण्णांचा चष्मा पुढच्या सीटवर आपटून फुटला, भुवईवर तीन टाके पडले. आणि पुतणी त्यांच्या हातातनं सुटून दोन सीटच्या मधे खाली पडली. ओठ फुटला. अण्णा अजून ते बोलत नाहीत. एकदाच म्हणाले होते, "मी घट्ट धरलं हुतं रं तिला." खरं आहे, धरलंच होतं. पण नुसत्या ब्रेकला आजोबांचे हात पुरले नाहीत, तर धडकेला कसे पुरणार?

दुसऱ्या दिवशी भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "गाडी चांगली म्हणून वाचला." मी मान डोलावली. पण खोटं होतं ते. वेग साठ होता म्हणून वाचलो. नव्वद असता तर गाडीचं नाव काय होतं हे पोलिसांच्या पंचनाम्यात आलं असतं.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले. गाडी मर्सिडीज. आपल्या दोन जिल्ह्यांतली निम्मी माणसं जी गाडी फक्त लग्नाच्या वरातीत बघतात, ती. मागच्या सीटवर पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. कितीही मोठं नाव बॉनेटवर असू दे, पट्टा लावायचं काम कंपनी करत नाही.

आणि आपण काय करतो? पट्ट्याचा आवाज नको म्हणून नुसती क्लिप विकत घेऊन खोबणीत अडकवतो. २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन कंपन्यांना असल्या क्लिपा विकणं बंद करा म्हणून आदेश काढावा लागला. घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करतो, म्हणजे इंजिनचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर. पसरणी उतरा नाहीतर कुंभार्ली, खाली आल्यावर ब्रेक करपल्याचा वास येतो तो उगीच नाही. पुढच्या सीटवर लेकराला मांडीवर घेऊन आई बसते आणि आपण म्हणतो, "हितंच तर जायचंय."

मागच्या सीटवर पण पट्टा कायद्यानं लागतो, दंड हजार रुपये. पण मी दंडाचं सांगत नाही. मी माझ्या पुतणीच्या ओठावरच्या खुणेचं सांगतोय.

राहिली ट्रॉली. तिच्या ड्रायव्हरला शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे. तो पण रात्र-रात्र जागून खेपा करणारा गरीब माणूस. पण ऊस शेवटी कुठं जातो? कारखान्याच्या काट्यावर. तिथं नोंद झाल्याशिवाय एक ट्रॉली आत जात नाही. मग तिथंच एक नियम करा. मागं रिफ्लेक्टर आणि दिवा नसेल तर वजन नाही. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात चार ट्रॉल्यांना पट्ट्या चिकटवून पेपरात फोटो येतो, तेवढ्यानं भागत नाही. सातारा-सांगलीतले बरेच कारखाने सहकारी आहेत, सभासद आपणच. वार्षिक सभेत दरावर बोलतो तसं यावर एकानं तरी उठून बोलावं. एमएच १०, ११ आणि ५० च्या आरटीओंनी पण हंगामात रात्रीचं एकदा पेठ-सांगली रस्त्यावरनं फिरून बघावं.

तर माझं मत एवढंच. ज्याला मारुती आवडते त्यानं मारुती घ्यावी, ज्याला बोलेरो त्यानं बोलेरो, टाटा, ह्युंदाई, काय ते. मिस्त्री जवळचा बघा, पार्ट बघा, रिसेल बघा. पण शोरूममध्ये अ‍ॅव्हरेजच्या आधी दोन प्रश्न विचारा. या मॉडेलला स्टार किती? आणि मागच्या तिन्ही सीटला पट्टा नीट आहे का? सेल्समन गडबडला तर समजा, आपण बरोबर प्रश्न विचारला. दोन जिल्ह्यांतल्या शंभर जणांनी विचारला तर पुढच्या महिन्यात त्याला उत्तर पाठ असेल.

आमच्या घरी गाडी कुठली घ्यायची ते अजून ठरलं नाही. काल संध्याकाळी अण्णा हळूच पोराला म्हणाले, "तुझ्या त्या मोबाईलात मारुतीच्या कुठल्या गाडीला पाच हाईत, तेवढं दाव बरं." पोरगं हसलं, शेजारी बसून दाखवत राहिलं.

पट्ट्याचं मात्र दोन वर्षांपूर्वीच ठरलंय. आता मागं बसल्यावर अण्णांचा पट्टा लागल्याचा खट्ट आवाज आल्याशिवाय मी चावी मारत नाही.

तुमच्या घरातली पहिली चारचाकी कुठली होती, आणि मागं बसल्यावर पट्टा कोण कोण लावतं? खरं खरं सांगा.