शाळेचा संगणक बाद करण्याआधी त्याची डिस्क बदलून पाहा



संगणक खोलीचा विषय निघाला की शाळेत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "हे संगणक आता बाद झाले, नवीन मागवा." आपल्या खालापूर-खोपोली पट्ट्यात कारखाने आहेत, त्यामुळे लगेच देणगीदार शोधायला सुरुवात होते. माझं मत थोडं वेगळं आहे. आठ-दहा वर्षांचा डेस्कटॉप बहुतेक वेळा बाद झालेला नसतो, त्यातली हार्ड डिस्क संथ असते. ती बदलून एसएसडी बसवली, तर तोच संगणक आणखी काही वर्षं मुलांच्या कामी येतो, आणि तेही नव्या संगणकाच्या किमतीच्या लहानशा भागात.

फरक कशामुळे पडतो?

हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे फिरते आणि वाचणारं टोक प्रत्येक फाईलसाठी जागा शोधत हलतं. एका शोधाला साधारण १० मिलिसेकंद लागतात. संगणक सुरू होताना असे हजारो शोध होतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होतं.

आता तासिकेचा हिशोब करा. ३५ मिनिटांची तासिका, एका संगणकावर तीन मुलं. सुरू व्हायलाच सात मिनिटं गेली तर उरली २८, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम नऊ. ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, त्याच्यासाठी ही नऊ मिनिटंच सगळं काही असतात.

घेताना काय बघायचं?

दुकानात 'एनव्हीएमई घ्या, जास्त फास्ट' असं सांगतील. खरं आहे, साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते आणि एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. पण जुन्या मदरबोर्डवर तो स्लॉटच नसतो. एम.२ स्लॉट असला तरी कधीकधी तो फक्त साटा चालवतो. मराठी टायपिंग आणि चित्रकलेच्या कामात हा फरक जाणवतही नाही. म्हणून अडीच इंची साटा, २४० किंवा २५६ जीबी, पक्कं बिल आणि किमान तीन वर्षांची वॉरंटी, एवढं पुरे. अगदी स्वस्तात 'दोन टीबी' मिळत असेल तर सावध राहा. खोटी क्षमता दाखवणाऱ्या डिस्क बाजारात आहेत.

रॅम दोनच जीबी असेल तर तीही वाढवा, नाहीतर एसएसडीचा पूर्ण फायदा मिळणार नाही.

बसवताना

आधी सगळ्या फाईलींची प्रत दुसरीकडे घ्या. प्लग काढा, हात कॅबिनेटच्या धातूला लावा, मग डेटा आणि पॉवर अशा दोन केबल जोडा. बायोसमध्ये एएचसीआय मोड आणि बूटचा क्रम तपासा. जुनी प्रणाली कॉपी करण्यापेक्षा नवीन टाकलेली बरी. एसएसडीला डीफ्रॅगची गरज नसते, आणि पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवावी. जुनी हार्ड डिस्क चांगली असेल तर व्हिडिओ आणि गाण्यांसाठी दुसरी डिस्क म्हणून आतच राहू द्या.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं. ते एसएसडीने मिळत नाही. अशा संगणकावर लिनक्स टाकता येईल. सी-डॅकने बनवलेलं 'बॉस' भारतीय भाषांसाठीच आहे.

वीज हा आपल्याकडचा वेगळा प्रश्न. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज जाते, पण पावसाळ्यात आपल्या वाड्यांवर दिवे कधी जातील सांगता येत नाही. अचानक वीज गेली तर एसएसडीतलाही डेटा बिघडू शकतो. आणि एसएसडी गेली की बरेचदा पूर्वसूचना न देता जाते. त्यामुळे यूपीएस आणि बॅकअप यांना पर्याय नाही.

सर्वात महत्त्वाचं

काढलेली हार्ड डिस्क दुकानदाराला 'घेऊन जा' म्हणून देऊ नका. त्यात मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे मोबाईल नंबर असतात. नुसतं डिलीट किंवा झटपट फॉरमॅट केल्याने ते पुसले जात नाहीत. डिस्क पूर्ण पुसून घ्या आणि डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करा. पालकांनीही हा प्रश्न शाळेला जरूर विचारावा, तो त्यांचा हक्क आहे.

म्हणून पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एवढाच ठराव मांडा: आधी एकाच संगणकात एसएसडी बसवू, महिनाभर मुलांना वापरू देऊ, मग बाकीच्यांचं ठरवू. देणगीदार मिळालेच, तर त्यांच्याकडे आधी यूपीएस मागा.