‘कॉपी आहे’ म्हणून मोकळं होण्याआधी

घरात सिनेमा संपला की पाच मिनिटांत निकाल लागतो. बाबा म्हणतात ‘ठीक’, आई म्हणते ‘गाणी छान’, आणि कॉलेजातला मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता सांगतो, ‘कॉपी आहे!’ विषय संपला.

तुम्हाला मात्र सिनेमावर लिहायचं असेल, पुढे समीक्षक व्हायची इच्छा असेल, तर तुमचं काम इथून सुरू होतं. ‘कॉपी आहे’ हा निकाल झाला. त्यामागची कारणं म्हणजे समीक्षा.

भिलाईत बसून हे कसं शिकायचं, असं वाटतंय? मग आपल्याच मातीशी नातं असलेले दोन सिनेमे घ्या. एक ‘बर्फी!’ (२०१२). त्याचे दिग्दर्शक अनुराग बासू जन्माने भिलाईचे. दुसरा अमित मसुरकर यांचा ‘न्यूटन’ (२०१७). त्याचं चित्रीकरण झालं दल्ली-राजहरा भागात, म्हणजे जिथलं लोहखनिज आपल्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांत येतं तिथे. दोन्ही सिनेमे भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवले गेले आणि दोघांवरही नकलेचा आरोप झाला.

आधी ‘बर्फी!’ पाहू. पोलीस बर्फीच्या मागे लागतात तेव्हाची शिडीची गंमत आठवते? बस्टर कीटनच्या ‘कॉप्स’ या १९२२ च्या मूकपटात कुंपणावर आडवी शिडी सी-सॉसारखी वरखाली होते आणि दोन्ही बाजूंना पोलीस असतात. दोन्ही प्रसंग लागोपाठ पाहा, साम्य लपत नाही. बासूंनी ही कीटन आणि चॅप्लिन यांना वाहिलेली आदरांजली असल्याचं सांगितलं होतं.

आता लिहिणाऱ्याने काय करायचं? दोन्ही बाजू मांडायच्या. नायकाला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्याची गोष्ट सांगायला मूकपटाची भाषा घेणं पटण्यासारखं आहे. पण एखादी करामत जवळपास तशीच उचलली, तर त्या क्षणी आपल्याला बर्फी दिसतो की कीटन? माझ्या मते तेवढ्यापुरता बर्फी हरवतो. तुमचं मत वेगळं असू शकेल, पण कारण द्यायला हवं.

‘न्यूटन’चं प्रकरण वेगळं. त्याची तुलना झाली ‘सीक्रेट बॅलट’ (२००१) या इराणी सिनेमाशी. त्यात एक निवडणूक अधिकारी बाई बेटावर मतं गोळा करायला येते आणि तिच्या सोबतीला एक सैनिक असतो. इथेही प्रामाणिक अधिकारी आणि बंदूकवाला सोबती आहेच. पण पुढे पाहा. तिथे मतपेटी माणसांच्या शोधात फिरते. इथे पेटी जंगलातल्या ओसाड शाळेत बसून राहते आणि शेवटी जवान गावकऱ्यांना गोळा करून आणतात. तिथला सैनिक साधा शिपाई आहे, तर इथला आत्मा सिंह हा हुकूम सोडणारा अधिकारी. बीज सारखं असलं तरी झाड निराळं वाढलंय.

शिवाय इथे तुमच्याकडे असं काही आहे जे मुंबईच्या समीक्षकाकडे नसेल. ती लाल धूळ, ते जंगल तुम्ही पाहिलेलं आहे. सेक्टरमधल्या आपल्या घरांत मराठी, शेजारी बंगाली, तेलुगू, बाजारात छत्तीसगढी. भाषा न कळणाऱ्या माणसाची अवस्था आपल्याला ठाऊक असते. म्हणून नाशिकच्या अंजली पाटीलने केलेली मलको, साहेब आणि गोंडी बोलणारे गावकरी यांच्यामधली दुभाषी, आपल्याला जास्त कळते. तेच लिहा. ‘अभिनय उत्तम’ एवढं कोणीही लिहील.

तीन गोष्टी सांभाळा.

सिनेमा दोनदा पाहा. पहिल्यांदा घरच्यांबरोबर, दुसऱ्यांदा वही घेऊन.

शेवट फोडू नका. कुणी तरी रविवारी तिकीट काढणार असतं.

आणि सगळ्यात अवघड: आपल्या गावच्या माणसालाही तोच काटा लावा. ‘भिलाईचा मुलगा’ म्हणून कौतुक करायला नातेवाईक आहेत. शेजारचे काका रागावतील, ‘आपल्याच माणसाला नावं ठेवतोस?’ म्हणतील. त्यांना शिडीचा प्रसंग दाखवा आणि तुमचं कारण सांगा. एकदा तुम्ही भिडेखातर खोटं लिहिलंत, की पुढच्या खऱ्या कौतुकावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

पुढची पायरी म्हणून अरुण खोपकरांचं ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’ वाचा. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं हे मराठी पुस्तक ‘प्यासा’, ‘कागज़ के फूल’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ या तीन सिनेमांत शिरून प्रकाश, चौकट, गाणं कसं पाहायचं ते दाखवतं.

आणि या आठवड्याचा गृहपाठ? ‘कॉप्स’ पाव तासाहून थोडाच मोठा आहे आणि इंटरनेटवर मोफत मिळतो. आजी-आजोबांना आणि नातवंडांना शेजारी बसवून पाहा, मग ‘बर्फी!’मधला पाठलाग लावा. कोण कुठे हसलं ते टिपून ठेवा आणि दोनशे शब्द लिहा. त्यात ‘कॉपी’ हा शब्द एकदाही न वापरता.