सायलेन्सर चेपला म्हणून फेकू नका

राजेहो, धुऱ्यावरच्या दगडानं आरएक्स १०० चा सायलेन्सर चेपला की पोरं लगेच नवा मागतात. काहून? पेरणीच्या तोंडावर पैसा बियाण्याले लागते.

टू-स्ट्रोकचा सायलेन्सर फक्त आवाज दाबत नाही. आतून परतणारी दाबाची लाट निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. म्हणून आकार महत्त्वाचा. पण लहान पोच्यानं फारसं बिघडत नाही. इंजिनाजवळच्या वाकणात खोल पोचा असंल, गाडी चढावर दम टाकत असंल, तर काजळी साफ करून गॅस वेल्डिंगवाल्याकडून तापवून ओढून घ्या.

पत्रा गंजून सडला तरच बदला. १९९६ नंतर ही गाडी बनली नाही, अस्सल माल जपा. फटफट वाजणारा पोकळ सायलेन्सर ताकदही घालवते अन् दंडही लावते.