नाव जुळले, पण नाते?

इंग्लंडमध्ये १५३८ साली हुकूम सुटला, की प्रत्येक पॅरिशच्या चर्चने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवावी. १८४१ च्या शिरगणतीत घरोघरच्या माणसांची नावेही टिपली गेली. या दप्तरांत पूर्वज शोधणाऱ्याला जगावेगळे नाव सापडले, की हायसे वाटते. जॉन शेकड्यांनी भेटतात, इझमबार्ड क्वचितच! विख्यात अभियंता इझमबार्ड किंग्डम ब्रुनेल (जन्म १८०६) याच्या नावातील पहिला शब्द वडिलांच्या नावातला, तर दुसरा आईचे माहेरचे आडनाव आहे.

तरीही, विद्यार्थी मित्रांनो, विरळा नाव हा धागा आहे, पुरावा नव्हे, असे माझे मत आहे. तेच नाव चुलतभावाचेही असू शकते. मग वयावर विसंबावे काय? १८४१ मध्ये १५ वर्षांवरील माणसांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली गेली. ३४ वर्षांचा मनुष्य ३० चा ठरला! १८५१ मध्ये मात्र नेमके वय, जन्मस्थळ व कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते विचारले गेले.

म्हणून एक नोंद दुसरीशी ताडून पाहावी. ती जुळली नाही, तर पूर्वज कितीही प्रतिष्ठित असो, त्याला सोडून द्यावे. प्रयोगवहीतील गैरसोयीची निरीक्षणे आपण खोडत नाही. मग ती वंशावळीतून तरी का खोडावीत?