बालकांचा कर्करोग : एका अमिनो आम्लाची अदलाबदल

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे बालरोगशास्त्राचे मूलसूत्र आहे. कर्करोगाच्या बाबतीत मात्र या सूत्राचा दीर्घकाळ विसर पडला होता. श्वसनादी क्रियांचे नियंत्रण करणाऱ्या मस्तिष्कस्तंभात बालवयात एक प्रकारचे अर्बुद उद्भवते. ते निरोगी ऊतींत विखुरलेले असल्यामुळे शस्त्रक्रियेने काढता येत नाही. किरणोपचाराने काही महिने आराम पडतो. तथापि बहुतेक बालके दोन वर्षांच्या आतच दगावतात. प्रौढांच्या मेंदूतील अर्बुदांवरील औषधे या बालकांनाही देण्यात आली; परंतु त्यांचा उपयोग झाला नाही.

याचे एक मोठे कारण २०१२ साली उलगडले. पेशीतील डीएनएचा धागा हिस्टोन नामक प्रथिनांभोवती, रिळावर दोरा गुंडाळावा तसा, गुंडाळलेला असतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ‘एच-३’ या हिस्टोनच्या साखळीत २७ व्या स्थानी लायसिन असते. या अर्बुदांपैकी बहुसंख्य अर्बुदांत तेथे मेथिओनिन आढळले. निरोगी पेशीत एक विकर या लायसिनवर रासायनिक खुणा करते व त्यामुळे अनावश्यक जनुके बंद राहतात. मेथिओनिन आले की त्या विकराचे कार्य खुंटते आणि पेशी परिपक्व न होता विभागतच राहते. प्रौढांच्या मेंदूतील बहुतेक अर्बुदांत हा बदल नसतो.

हा बदल सामान्यतः आईबापांकडून येत नाही. वाढीच्या काळात एखाद्या पेशीत तो घडतो. म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या मातेस हे सांगणे, हेही वैद्याचे कर्तव्यच होय.

हे ज्ञान उशिरा लाभले, कारण जागा नाजूक म्हणून ऊतीचा नमुना घेणे टाळले जाई. संशोधकांना मिळालेल्या ऊतींपैकी पुष्कळशा मृत बालकांच्या आईबापांनी दिलेल्या होत्या. आता अनुभवी शल्यचिकित्सक असा नमुना बऱ्याच अंशी निर्धोकपणे घेऊ शकतात. असा रोग विरळा, मग त्यावर खर्च का, असा आक्षेप घेतला जातो. परंतु बालकांचे बहुतेक कर्करोग एकेकटे पाहता विरळाच असतात. या न्यायाने कोणाचीच पाळी येणार नाही. २०२५ साली अमेरिकेत हा बदल असलेल्या, उपचारांनंतरही वाढणाऱ्या अर्बुदांसाठी डॉर्डाव्हिप्रोन या औषधास त्वरित मान्यता मिळाली. त्याने थोड्याच रुग्णांस गुण येतो. तरीही दिशा योग्य आहे. बालकांच्या रोगाचा अभ्यास बालकांच्याच ऊतींवरून व्हावयास हवा. प्रौढांसाठी सिद्ध झालेल्या औषधांची वाट पाहत बसण्याइतका अवधी या बालकांजवळ नाही.